‘हे तर होतंच’ या उत्तराची मर्यादा : मुतखड्याच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मूत्रशल्यचिकित्सा विभागांतील शल्यचिकित्सक, निवासी डॉक्टर आणि वॉर्डातील परिचारिका

विषय : मुतखड्यावरील उपचारानंतरची गुंतागुंत वेळेत ओळखण्याबाबत

सन्माननीय डॉक्टर आणि सहकारी,

मूत्रविकारांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बहुतेक नोकरी गेली आणि त्यातला मोठा भाग रात्रपाळीत गेला. मुतखडा काढून आलेल्या रुग्णांच्या खाटांमधून फिरताना एक वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि तितक्याच वेळा स्वतः उच्चारलेही आहे. हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य म्हणजे ‘हे तर होतंच’. लघवी लाल होते? आत दुर्बीण गेली होती, होतंच. कुशीत दुखते? आत स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत ठेवलेली नळी आहे, होतंच. अंग कोमट लागते? पहिल्या रात्री होतंच. अडचण अशी की बहुतेक वेळा हे उत्तर खरे असते. ज्या वेळी ते खरे नसते त्या वेळीही लक्षणे तीच असतात. फक्त जरा जास्त, जरा उशिरा किंवा दुसऱ्या एखाद्या लक्षणाच्या जोडीने आलेली. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की आपल्या प्रत्येक ‘होतंच’ला एक हद्द असावी, ती आकड्यांत किंवा साध्या शब्दांत लिहिलेली असावी आणि ती रुग्णालाही ठाऊक असावी.

एका रात्रीची हकिकत सांगते. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा दुर्बिणीतून लेझरने फोडलेले एक गृहस्थ संध्याकाळी वॉर्डात आले. खडा कठीण होता आणि शस्त्रक्रिया ठरल्यापेक्षा लांबली होती, एवढे हँडओव्हरमध्ये, म्हणजे रुग्ण ताब्यात देताना, सांगितले गेले. रात्री नऊ वाजता ताप ३७.९ अंश सेल्सिअस आणि नाडी ११२ होती. पॅरासिटामॉल ठरल्याप्रमाणे चालूच होते, ते दिले. एक वाजता ताप ३७.२ झाला आणि मी समाधानाने ‘ताप उतरला’ असे लिहिले. नाडी १२४ होती. दुखत असेल, असे मी धरून चालले. त्यांनी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून घेतले होते आणि दहा मिनिटांत दोनदा विचारले, ‘सिस्टर, किती वाजले?’ भुलीचा अंमल उतरलेला नाही, असे मला वाटले. चार वाजता त्यांचे हात गार पडले होते आणि वरचा रक्तदाब ८० होता. ते वाचले, पण अतिदक्षता विभागात बरेच दिवस काढून.

नंतर तो चार्ट मी पुन्हा वाचला. श्वासांच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते : २०, २०, २०, २०. त्यातला एकही श्वास मी मोजलेला नव्हता. आपणही आपल्या वॉर्डातले आजचे चार्ट काढून हा रकाना पाहावा, अशी माझी विनंती आहे. रुग्ण वीस असोत वा चाळीस, ते सगळे एकाच लयीत श्वास घेत असल्याचे दिसेल.

या वीसचा नेमका काय परिणाम होतो, हे २०१७ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सुधारून आणलेल्या, रुग्णाची प्रकृती बिघडते आहे का हे गुणांत मोजणाऱ्या ‘न्यूज-२’ या पद्धतीवरून चांगले समजते. तिच्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा त्याहून अधिक असतील तर तीन. नव्याने आलेल्या मानसिक गोंधळाला थेट तीन गुण आहेत आणि १११ ते १३० नाडीला दोन. एकूण पाच गुणांना डॉक्टरांनी तातडीने पाहावे आणि सात गुणांना आणीबाणी समजावी, असा तिचा संकेत आहे. माझ्या त्या चार्टला हे मोजमाप लावले तर रात्री एक वाजता एकूण दोन गुण होतात. मी श्वास मोजले असते आणि ते २४ निघाले असते, शिवाय ‘किती वाजले’ या पुन्हा विचारलेल्या प्रश्नाला गोंधळ म्हटले असते, तर तेच गुण सात झाले असते. तीन तास माझ्या हातात होते. आता मी घड्याळाच्या काट्याकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते आणि माझ्या चार्टवर १७, १९, २३ असे विषम आकडे दिसतात. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्याच्या चार्टवर विषम आकडा येऊच शकत नाही, ही गंमत एका निवासी डॉक्टरांच्या लक्षात आली, तेव्हा मला बरे वाटले.

जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याची भीती या शस्त्रक्रियांत का अधिक असते, हे आपणास मी सांगायला नको. पण वॉर्डात नव्याने येणाऱ्या परिचारिकांना ते कोणी नीट सांगत नाही. खडा हा नुसता दगड नसतो. त्याच्या आत जंतू दडलेले असू शकतात, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वीचा लघवीचा कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, निर्दोष असूनही खड्याचा कल्चर दूषित निघू शकतो. खडा फुटतो तेव्हा ते जंतू आणि त्यांचे विष मोकळे होते. त्याच वेळी दुर्बिणीतून आत सोडलेल्या पाण्याने मूत्रपिंडातला दाब वाढलेला असतो. हा दाब साधारण ३० ते ४० सेंटीमीटर पाण्याच्या वर गेला की आतले द्रव शिरांच्या वाटेने उलटे रक्तात शिरू लागते. शस्त्रक्रिया जितकी लांबते तितका हा धोका वाढतो. त्यामुळे ‘खडा कठीण होता, वेळ लागला’ हे हँडओव्हरमधले वाक्य शिळोप्याची माहिती समजू नये. रात्रपाळीला दिलेली ती सूचना असते. मधुमेह असलेल्या, आधीपासून नळी असलेल्या, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि मोठा शाखायुक्त खडा असलेल्या रुग्णांच्या बाबतीत ती सूचना दुप्पट मोलाची आहे.

इथे चार गोष्टी विशेष फसवतात. पॅरासिटामॉल आणि वेदनाशामके ताप झाकतात, म्हणून ताप उतरूनही नाडी उतरली नसेल तर रुग्ण बरा होत आहे असे समजू नये. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी औषधे, घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढत नाही. वृद्धांना ताप न येता नुसती सुस्ती किंवा बडबड येते, क्वचित तापमान ३६ च्या खालीच जाते. आणि गंभीर संसर्गाच्या सुरुवातीच्या तासांत पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या असू शकतात. २८०० चा अहवाल पाहून ‘पेशी वाढलेल्या नाहीत, म्हणजे संसर्ग नाही’ असा निष्कर्ष काढलेला मी ऐकला आहे. हुडहुडी भरून दात वाजू लागले, तर थर्मामीटर काहीही दाखवो, डॉक्टरांना उठवावे. रक्ताचा आणि लघवीचा कल्चर, तासाभरात प्रतिजैविक आणि त्याबरोबरच लघवीची वाट मोकळी आहे ना हे पाहणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. मूत्रपिंड तुंबलेले असेल तर नुसत्या प्रतिजैविकाने भागत नाही. तुंबलेला पू बाहेर काढावाच लागतो. कॅथेटरला पीळ पडला आहे किंवा युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, खाटेच्या वर अडकवली आहे, इतक्या क्षुल्लक कारणाने आलेला ताप मी पाहिला आहे, म्हणून आधी हात नळीवर जावा.

रक्तस्रावाबाबत मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण लाल रंगाला आपला डोळा फार लवकर सरावतो. पाठीतून छिद्र पाडून खडा काढलेल्या, म्हणजे पीसीएनएल झालेल्या रुग्णाच्या नेफ्रोस्टॉमीच्या, म्हणजे पाठीतून मूत्रपिंडात ठेवलेल्या नळीच्या, पिशवीकडे पाहून ‘अजून लालच आहे’ किंवा ‘आता फिकी आहे’ असे आपण लिहितो. पिशवीत मात्र गेल्या कित्येक तासांची लघवी एकत्र झालेली असते. आत्ता काय चालले आहे ते नळीत दिसते. पिशवी गडद आणि नळी गुलाबी असेल तर रक्तस्राव ओसरत आहे. पिशवी फिकी आणि नळी गडद असेल तर तो नुकताच सुरू झाला आहे आणि पिशवीने अजून ते सांगितलेले नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना मी नेहमी पाळी सुरू होताच पिशवी रिकामी करायला सांगते; मग फसवणूक उरत नाही.

नळी अचानक कोरडी पडणे हेही चांगले चिन्ह नसते. गुठळ्यांनी नळी बंद झालेली असते आणि रक्त आत साठत असते किंवा मूत्राशयात उतरत असते. मूत्राशय गुठळ्यांनी भरला की रुग्ण तळमळतो, ओटीपोट टणक लागते आणि थोडी थोडी लघवी गळतही असते. त्या गळतीकडे पाहून ‘लघवी होते आहे’ अशी नोंद केली जाते. ओटीपोटावर हात ठेवल्याशिवाय ही नोंद करू नये. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत हिमोग्लोबिनचा आकडा जवळजवळ पूर्वीसारखाच येऊ शकतो, कारण रक्त गेलेले असले तरी उरलेले अजून पातळ झालेले नसते. तरुण रुग्णाचा रक्तदाबही बराच वेळ टिकून राहतो. अशा वेळी खरे सांगते ती चढत जाणारी नाडी. नळीतून भळाभळा रक्त येऊ लागल्यास आत दाब राहून रक्त थांबावे म्हणून शल्यचिकित्सक ती नळी काही काळ बंद ठेवतात. हा निर्णय त्यांचा आहे. परिचारिकेने जोराने सलाईन मारून ती मोकळी करण्याचा उत्साह दाखवू नये.

या साऱ्यापेक्षा घातक आहे तो उशिरा होणारा रक्तस्राव. छिद्र पाडताना मूत्रपिंडातल्या एखाद्या धमनीला खोच पडते, तिथे पातळ भिंतीचा फुगा तयार होतो आणि बहुधा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे रुग्ण घरी असताना, तो फुटतो. असे फार थोड्या रुग्णांत होते, पण झाले की त्याचा एक ठरावीक खोडसाळपणा असतो : लघवी एकदम लालभडक होते, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी स्वच्छ होते आणि पुन्हा लाल होते. मधली स्वच्छ लघवी सगळ्यांना निश्चिंत करते. ‘काल गुठळ्या पडल्या, पण आज साफ आहे, म्हणून आलो नाही,’ असे सांगणारा रुग्ण तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन स्ट्रेचरवरून येतो. यावर उपाय आहे. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी नेऊन तो फुगा आतून बंद करता येतो आणि बहुतेकांचे मूत्रपिंड वाचते. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेवर यावा लागतो. पीसीएनएलनंतर घरी गेलेल्या रुग्णाने दूरध्वनीवर ‘लघवी पुन्हा लाल झाली’ असे म्हटले, तर त्यातला ‘पुन्हा’ हा शब्द ऐकताच त्याला बोलावून घ्यावे. पाणी जास्त पिण्याचा सल्ला त्यानंतर द्यावा.

घरी गेलेल्यांना रंग कसा सांगावा, हा नेहमीचा प्रश्न आहे. एकाचे ‘लाल’ दुसऱ्याचे ‘नारिंगी’ असते. माझी युक्ती साधी आहे. पारदर्शक ग्लासात लघवी घ्यावी आणि ग्लासामागे छापील कागद धरावा. अक्षरे वाचता येत असतील तर पाणी पिऊन वाट पाहायला हरकत नाही. अक्षरे दिसेनाशी झाली किंवा गुठळ्या पडल्या तर निघावे.

छाती आणि आतडे यांच्या इजा विरळ आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहिते. छिद्र बाराव्या बरगडीच्या वरून घेतले असेल तर फुप्फुसाभोवती पाणी किंवा हवा शिरू शकते. अशा रुग्णाला आडवे झाल्यावर धाप लागली, खांदा दुखू लागला किंवा ऑक्सिजनचे प्रमाण हळूहळू घसरू लागले तर ‘पाठीत जखम आहे, श्वास घ्यायला दुखणारच’ असे म्हणण्याआधी छातीचा एक्स-रे काढावा. नेफ्रोस्टॉमीतून वायूचे बुडबुडे किंवा विष्ठेसारखा स्राव आला, शौचावाटे रक्त पडले किंवा पोट कडक झाले तर मोठ्या आतड्याचा विचार करावा. आणि ती नळी कोणीही स्वतःहून ओढून काढू नये, कारण तिथून पुढचा सगळा उपचार त्या नळीच्या आधाराने ठरतो. नळी काढल्यावर पाठीची पट्टी काही तास भिजते, तेवढे चालते. दुसऱ्या दिवशीही पट्टीमागून पट्टी भिजत राहिली तर खाली कुठेतरी वाट अडलेली आहे असे समजावे.

शॉकवेव्हने, म्हणजे शरीराबाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी, खडा फोडून घेणाऱ्या रुग्णाकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते, कारण त्याच्या अंगावर एकही टाका नसतो. १९८० मध्ये म्युनिक येथे पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला, तेव्हापासून त्याचे आकर्षण हेच राहिले आहे, आणि तेच त्याच्या बाबतीतल्या निष्काळजीपणाचेही मूळ आहे. मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रक्त साठू शकते. अशा वेळी लघवी स्वच्छ असू शकते, कारण रक्त लघवीच्या वाटेवर आलेलेच नसते. इथे लाल रंगाची वाट पाहणारा फसतो. वेदनाशामकाला दाद न देणारी कुशीतली कळ, फिकटपणा आणि वाढती नाडी एवढ्यावरच सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून घ्यावा लागतो. रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे फुटलेल्या खड्याचे कण मूत्रवाहिनीत एकामागून एक रांगेने अडकतात. जर्मन शल्यचिकित्सकांनी या रांगेला ‘दगडी रस्ता’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. कधी तिच्यामुळे कळ येते, कधी काहीच जाणवत नाही. तिच्या जोडीला ताप आला, तर ती रात्रीतच सोडवण्याची गोष्ट होते.

आता स्टेंट. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली ही मऊ नळी बहुसंख्य रुग्णांना त्रास देतेच : वारंवार लघवीची घाई, शेवटी जळजळ, चालल्यावर लालसर लघवी, आणि लघवी करताना कुशीत वर चढणारी कळ. ही कळ लघवी होताना येते आणि संपल्यावर ओसरते, कारण मूत्राशयातला दाब स्टेंटमधून वर जातो. हा तिचा स्वभाव रुग्णाला आधीच सांगितला तर निम्मी घबराट टळते. लघवीशी संबंध न ठेवता सतत राहणारे दुखणे, त्याबरोबर ताप, किंवा लघवीचे प्रमाण घटणे ही मात्र त्या स्वभावात न बसणारी लक्षणे आहेत. एकच मूत्रपिंड असलेल्या रुग्णाची लघवी थांबली तर स्टेंट आत आहे या भरवशावर थांबता येत नाही. स्टेंटही गुठळीने बंद होतो.

आणि विसरलेला स्टेंट. दुखणे थांबले की रुग्ण येत नाही, आपण बोलावत नाही आणि काही महिन्यांत त्या नळीवरच खडा बसू लागतो. तीन महिन्यांपुढे हे प्रमाण वाढत जाते, आणि वर्षानुवर्षे राहिलेला स्टेंट काढायला मूळ खड्यापेक्षा मोठी शस्त्रक्रिया लागू शकते. डिस्चार्ज कार्डावर ‘डीजे स्टेंट इन सिटू’ असे लिहिणे म्हणजे रुग्णाला सांगणे नव्हे. ‘तुमच्या शरीरात एक नळी ठेवली आहे, ती अमुक तारखेला काढायची आहे,’ असे त्याच्या भाषेत लिहावे, नातेवाइकाला वाचून दाखवावे आणि ती तारीख वॉर्डातल्या एका वहीत उतरवून ठेवावी. आमच्या वॉर्डात अशी वही आहे. काढलेल्या स्टेंटपुढे आम्ही लाल शाईने बरोबरची खूण करतो आणि दर सोमवारी खूण नसलेल्या ओळी मोठ्याने वाचतो. हा प्रकार बाळबोध वाटेल, पण संगणकातल्या नोंदीपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला आहे.

स्टेंट काढल्यावरही दोन-तीन दिवस मूत्रवाहिनीला सूज येऊन जोराची कळ येऊ शकते, हे सांगायचे राहून जाते. त्याहून अधिक राहून जाते ती नंतरची सोनोग्राफी. दुर्बिणीच्या उपचारानंतर काही थोड्या रुग्णांत मूत्रवाहिनी आकसते आणि मूत्रपिंड कोणतीही वेदना न होता तुंबत जाते. साधारण सहा ते बारा आठवड्यांत एकदा सोनोग्राफी केली तर ते दिसते. रुग्णाला काही त्रास नाही म्हणून ती टाळली तर कळण्याचा दुसरा मार्ग राहत नाही.

म्हणून विभागप्रमुखांना माझी विनंती आहे की मुतखड्याच्या रुग्णांचे डिस्चार्ज कार्ड पुन्हा लिहावे. ‘त्रास झाल्यास संपर्क साधावा’ हे वाक्य त्यातून काढून टाकावे, कारण त्रास तर प्रत्येकालाच होणार आहे. त्याऐवजी हद्दी लिहाव्यात : ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, हुडहुडी, ग्लासाआड अक्षरे दिसू न देणारी किंवा गुठळ्यांची लघवी, सहा-आठ तास लघवी न होणे, गोळी घेऊनही न थांबणारे दुखणे, धाप, बोलण्यात गोंधळ. यांपैकी कशासाठीही सकाळची वाट पाहू नये आणि तापाची गोळी घेण्यापूर्वी ताप मोजून लिहून ठेवावा, हेही लिहावे. रक्त पातळ करणारे औषध पुन्हा कधी सुरू करायचे ती तारीख कोरी सोडू नये. ती कोरी जागा रुग्ण आपल्या मनाने भरतो.

निवासी डॉक्टरांना विनंती अशी की रात्री अडीच वाजता परिचारिकेने फोन करून ‘आकडे ठीक आहेत, पण रुग्ण बरोबर वाटत नाही’ असे सांगितले, तर कृपा करून ‘मग काय करू?’ असे विचारू नये. तिला नाडी, मोजलेले श्वास, नळीतला रंग आणि गेल्या चार तासांची लघवी विचारावी. तेवढे सांगता आले नाही तर ती परत खाटेपाशी जाईल आणि पाहील. सांगता आले तर आपण उठून यावे.

आणि कार्डावर छापलेला दूरध्वनी क्रमांक एकदा रात्री स्वतः फिरवून पाहावा. आम्ही पाहिला तेव्हा तो बाह्यरुग्ण विभागातल्या कुलूपबंद खोलीत वाजत होता. आता तो वॉर्डात आमच्या टेबलावर वाजतो, आणि त्याच्या शेजारी एका पुठ्ठ्यावर चार प्रश्न लिहून ठेवले आहेत : कोणती शस्त्रक्रिया आणि किती दिवस झाले, ताप किती आणि गोळी कधी घेतली, लघवी शेवटची कधी झाली आणि अक्षरे दिसतात का, आत स्टेंट आहे का. पुठ्ठ्याची नक्कल हवी असल्यास ती करून घ्यायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

आपली नम्र,
मूत्रविकार वॉर्डातील एक परिचारिका